एका पत्र्यापायी

गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू कुठे बसवायची, याचा अमेरिकन इंजिनियरांनी फार खोल विचार केलेला आहे. इतका खोल, की ती वस्तू सगळ्यात आत जाऊन बसते. महागाचं सगळं बाहेर, हाताशी, पुसायला सोपं. आणि ज्याच्यावाचून ट्रक उतारावर उभा राहत नाही, तो शंभर डॉलरचा पत्रा मात्र चाक, कॅलिपर, डिस्क, ॲक्सल, बेअरिंग आणि हब यांच्या पलीकडे, चार बोल्टांच्या भरवशावर, अंधारात. त्याचं नाव बॅकिंग प्लेट. आमच्या पिकअपच्या मागच्या दोन्ही चाकांच्या बॅकिंग प्लेटा गंजल्या, आणि त्यापायी आमचं घर, दोन शेजारी आणि मराठी मंडळाची निम्मी कार्यकारिणी यांचा उन्हाळा कामी आला.

आधी पिकअपबद्दल. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला, घरापुढे हिरवळ आणि हिरवळीपुढे हप्ते पसरलेले असतात. तिथे कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या माणसाला हेवी ड्यूटी पिकअप कशाला हवा, हे बायकोने मला शोरूममध्येच विचारलं होतं. या वर्गातल्या ट्रकला इथे पाऊण टनी म्हणतात. कोणे एके काळी तेवढं ओझं वाहायचा, त्यावरून पडलेलं नाव. आता त्याचं स्वतःचंच वजन तीन टनांच्या घरात गेलंय. पण नाव पाऊण टनीच.

"गणपतीला ढोल न्यायला उपयोगी पडेल," मी म्हणालो.

"वर्षातून एकदा?"

"दिवाळीला स्टेजचं सामान असतं."

"म्हणजे दोनदा."

मी संक्रांतीपर्यंत पोचायच्या आत सेल्समनने किल्ली माझ्या हातात ठेवली. वर्षातले बाकीचे दिवस हा ट्रक मला ऑफिसला नेतो, परत आणतो आणि पेट्रोल पंपवाल्याची मुलं शिकवतो. पण एक आहे, गावातल्या ट्रकवाल्या मराठी माणसाला मान असतो. कोणाला सोफा हलवायचा असला की त्याला माझी तब्येत आठवते. "बरेच दिवसांत भेट नाही रे," असा फोन आला की फ्रिज आहे का पलंग, एवढंच विचारायचं राहतं.

आता प्लेट. चाकाला डिस्कब्रेक असला की हँडब्रेकची वेगळी सोय करावी लागते. म्हणून डिस्कच्या मधल्या फुगीर भागात एक लहानसा ड्रम दडवलेला असतो, आणि त्याला आतून घासणारा लायनर. हा लायनर ज्याला धरून उभा असतो, ती बॅकिंग प्लेट. ती गेली की लायनर निराधार होतो, आतल्या आत खुळखुळतो, आणि हँडब्रेक कितीही दाबला तरी लागत नाही. अर्थात दाबतो कोण? मिशिगन सपाट. लोक गिअर 'पी'वर टाकतात आणि निघून जातात. 'पी' म्हणजे गिअरबॉक्सातला बोटभर लांबीचा एक पोलादी दात. तीन टनांचा ट्रक, त्यात ढोल, ढोलांवर बसून फोनवर बोलणारा चिटणीस, एवढा सगळा संसार त्या एका दातावर सोपवून मंडळी आत जेवायला जातात.

आणि गंज? तो मिठाचा. डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे. अकराशे फुटांहून खोल, १९१० च्या सुमाराला सुरू झालेली, १,५०० एकरांवर पसरलेली. आत म्हणे शंभर मैलांचे रस्ते आहेत. चाळीसएक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला आणि जाताना मीठ ठेवून गेला. पुढे नेमकं त्याच मिठावर मोटारींचं शहर वसलं. हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला हे मीठ लागतं. म्हणजे एकाच शहराने वर गाड्या बनवायच्या, खालून मीठ काढायचं आणि ते त्याच गाड्यांखाली पसरायचं. कारखान्यांना नवी गिऱ्हाइकं कुठून मिळतात याची चिंता करायला नको. साधारण उणे नऊ अंशांच्या खाली पारा गेला की मीठ बर्फापुढे हात टेकतं. पत्र्यापुढे ते कधीच टेकत नाही.

पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते. मिशिगनमध्ये तशी सक्ती नाही. इथे गाडी नालायक ठरवण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलेलं आहे.

यंदा ते नानांनी केलं. नाना म्हणजे माझे सासरे. दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात हयात घालवून निवृत्त झालेले, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामाला लेकीकडे आलेले. विमानतळावरून घरी येताना ते मागच्या सीटवर होते. सून, मुलगा, नातवंडं, भारतातला उकाडा हे विषय संपल्यावर त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटेपर्यंत आवाज आला.

"जावईबापू, डाव्या चाकात काहीतरी बोलतंय."

"रस्ता खराब आहे, नाना."

"रस्ता दोन्ही चाकांखाली सारखाच आहे. बोलतंय फक्त डावं."

जावयाशी अहो-जाहोने बोलायचं, दुखवायचं नाही, ही नानांची शिस्त. "तुमचं चुकतंय असं मी म्हणणार नाही," अशी ते सुरुवात करतात, आणि पुढे जे म्हणतात त्यात दुसरं काहीच नसतं.

गॅरेजवाल्याने ट्रक वर चढवला, खालून टॉर्च मारला आणि आकडा सांगितला. पत्रा शंभराचा, मजुरी हजाराच्या वर. मी छाती काढून म्हणालो, "आम्ही घरीच करू. आमचे सासरे एस.टी. वर्कशॉपातले आहेत." त्याला एस.टी. कळली नाही, पण सासरे कळले. त्याने सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि आपलं कार्ड माझ्या खिशात सरकवलं.

घरी आल्यावर मी नानांना विचारलं, "दापोडीला तुम्ही नक्की कुठल्या खात्यात होता?"

"हजेरी," नाना म्हणाले. "कोण आला, कोण नाही, कोण उशिरा आला. तिन्ही शिफ्टा. एक माणूस नजरेतून सुटला नाही."

पण तोवर प्लेटांची ऑर्डर गेली होती, आणि मोठी गोष्ट म्हणजे मंडळात बातमी गेली होती.

शनिवारी सकाळी ट्रक दारात घेतला. अडचण चाक काढायच्या आधीच आली. या ट्रकांत ॲक्सल बाहेर ओढला की 'पी'च्या दाताला धरायला काही उरत नाही, आणि हँडब्रेक तर दुरुस्तीलाच निघालेला. म्हणजे घोड्यांवर चढवलेल्या तीन टनांना जागेवर ठेवणारं यंत्रातलं काहीच शिल्लक नाही. मी पुढच्या चाकांना रबरी अटकाव लावले. नानांनी ते चपलेने हलवून पाहिले.

"दगड नाही?"

"हे दगडाचंच काम करतं, नाना."

"तुमचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण घाटात कुठला ड्रायव्हर रबर लावताना मी बघितला नाही."

अमेरिकेतल्या वसाहतीत मोकळा दगड मिळत नाही. इथे दगड दुकानात, पोत्यात, रंग बघून घ्यायचा असतो. शेवटी समोरच्या आजीबाईंच्या गुलाबाच्या वाफ्यातून एक देखणा दगड मागून आणला. त्यावर 'वेलकम' कोरलेलं होतं. ते स्वागत पुढच्या चाकाखाली दाबल्यावर नानांच्या जिवात जीव आला आणि आम्ही कामाला लागलो.

चाक उतरलं मात्र, माणसं जमली. जानेवारीत बर्फ उपसताना आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. पण उघडं चाक दिसलं की पुरुष असेल तिथून येतो, हातात कॉफी घेऊन. आधी शेजारचे गोरे आजोबा आले. मोटारीच्या कारखान्यात जोडणीवर जन्म गेलेला. घडीची खुर्ची मांडून बसले. मागोमाग आमची मंडळी. डेट्रॉइटकडचे मराठी लोक बरेचसे मोटारधंद्यातले, सगळे इंजिनियर, आणि पान्याला शेवटचा हात कॉलेजातल्या वर्कशॉपच्या तासाला लावलेला. एक जण ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याने त्या दिवशी ब्रेक पहिल्यांदा जवळून पाहिला आणि विचारलं, "एवढा मळका असतो?" दुसरा गंजातला तज्ज्ञ, मिठाच्या फवाऱ्यात पत्रा किती तास तग धरेल याचं गणित करतो. तिसरा खरेदी खात्यात. आणि मंडळाचे अध्यक्ष, ते कुठल्या खात्यात आहेत हे कोणालाच माहीत नाही, पण त्यांच्या हाताखाली माणसं आहेत असं कळतं.

डिस्क निघेना. गंजाने ती हबला धरून बसली होती. लगेच मतं आली. एक म्हणाला तेल सोड, रात्रभर ठेव. दुसरा म्हणाला शेगडी लावून तापव. तिसऱ्याने पुलर सुचवला. तो त्याच्याकडे होता, पण तळघरात, आणि तळघराची किल्ली बायकोकडे, आणि बायको शिकागोला. गोरे आजोबा इतकंच म्हणाले, "जोरात मार." दिवसभरात त्यांनी एवढं एकच वाक्य वापरलं, पण ते प्रत्येक प्रसंगी लागू पडलं.

मी मारलं. हात झिणझिणले, डिस्क ढिम्म. तेव्हा ढोलपथकाचा प्रमुख पुढे झाला. त्याने हातोडा तोलला, डिस्कच्या कडेला दोन-चार ठिकाणी वाजवून नाद बघितला आणि सरळ मिरवणुकीचा ताल धरला. एक फेरा संपला, दुसरा संपला. समोरच्या घरातली दोन पोरं येऊन नाचायला लागली. तिसऱ्या फेऱ्याला तो रंगात आला आणि समेवर डिस्क सुटली, ती थेट माझ्या बुटावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पथकप्रमुखासाठी होत्या.

मग प्लेट दिसली. म्हणजे जी होती ती दिसली. खालचा निम्मा भाग नव्हताच. उरलेल्याचे पापुद्रे नखाने निघत होते. वर तपकिरी, त्याखाली नारिंगी, त्याखाली काळपट भुगा. लायनरची पिन ज्या भोकात बसते ते भोक खात खात कडेपर्यंत पोचलं होतं, आणि पिन त्यातून सुटून स्प्रिंगला लोंबत होती. चाक फिरलं की ती लायनरवर आपटायची. नानांना ऐकू आलं ते हे. वरच्या कोपऱ्यात मात्र बोटभर रुंदीचा काळा रंग जसाच्या तसा, आणि त्यावर कारखान्याने छापलेला पार्ट नंबर लखलखीत. सगळं गंजतं, पार्ट नंबर गंजत नाही.

गंजतज्ज्ञाने वाकून बराच वेळ निरीक्षण केलं. "असं व्हायला नको," तो म्हणाला. "आमच्या मॉडेलमध्ये हे बसत नाही." त्याच्या बोलण्यावरून चूक प्लेटची दिसत होती. खरेदी खात्यातल्याने पत्रा दोन बोटांनी वाकवून पाहिला आणि कौतुकाने म्हणाला, "जाडी बघा कशी कमी केलीय! वर्षाला लाखो प्लेटा धरल्या तर किती पोलाद वाचलं." सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो घाईघाईने म्हणाला, "आमची कंपनी वेगळी आहे."

प्लेट दिसली तरी निघणार नव्हती. ती अख्खी गोल, मधोमध भोक, आणि भोकातून ॲक्सलची नळी बाहेर येऊन तिच्या टोकावर हब चढलेला. पंगतीत भिंतीकडच्या माणसाला मध्येच उठायचं झालं तर सगळी रांग उठवावी लागते, तसा प्रकार. खरेदी खात्याने तोडगा काढला, "नवी प्लेट मधून काप, दोन अर्ध्या कर, बाजूने सरकव. हबला हात लावायला नको." झालं. दोन पक्ष पडले. कापणारे म्हणाले, ज्याला दिसत नाही त्याला काय कळणार? न कापणारे म्हणाले, हीच वृत्ती आपल्या समाजाला नडली. प्लेटवरून सुरू झालेली चर्चा गेल्या दिवाळीच्या जेवणात श्रीखंड कोणी कमी मागवलं तिथपर्यंत गेली. अध्यक्षांनी समन्वय साधायचा म्हणून उपसमिती नेमली. उपसमितीने आधी पोहे खायचं ठरवलं.

उपसमिती पोह्यांवर असताना नाना आतून इडलीपात्र घेऊन आले. पाठोपाठ बायको.

"नाना, ते इडलीचं आहे!"

"आता ते हजेरीचं आहे," नाना म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. एकेका खळग्यात कागदाची चिठ्ठी: 'कॅलिपर, डावा', 'ॲक्सल, वरचे चार', 'ॲक्सल, खालचे चार', 'स्प्रिंगा'. मांडीवर वही. मी बोल्ट काढायचा, नानांच्या हातात द्यायचा, ते पुसून खळग्यात ठेवायचे आणि वहीत टिकलीएवढी खूण करायचे. त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आलं, की आमच्यात पगाराच्या कामाचा इथे उपयोग झालेला एकच माणूस आहे.

ॲक्सलचे आठ बोल्ट निघाले आणि मी ॲक्सल ओढला. ओढला की आतलं गिअर ऑइल गळतं हे मला ठाऊक होतं, म्हणून खाली ॲल्युमिनियमचा ट्रे ठेवला होता. अमेरिकेतलं मराठी घर हे ट्रे टाकून देत नाही. मंडळाचा कार्यक्रम संपला की उरलेले छोले ज्यातून घरी येतात, ते ट्रे धुऊन, पुसून, गॅरेजात चळत करून ठेवलेले असतात. या ट्रेच्या तळाशी गेल्या कार्यक्रमात कोणीतरी काट्याने तळाचे छोले टोचून खाल्ले होते. चार बारीक भोकं. तेल ट्रेमध्ये आलं आणि ट्रेमधून रीतसर चार धारांनी उताराला लागलं. गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं असतात. त्याचा वास कपड्यांना लागला की कपडे टाकावे लागतात, माणसाला लागला की बायको सांगेल तिथे झोपावं लागतं. गोरे आजोबा न बोलता उठले, घरी गेले आणि एक मोठं पोतं आणून तेलावर रिकामं केलं. मांजरांच्या शौचासाठी मिळणारी माती. ती तेल शोषून घेते.

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. "मांजर कुठाय?"

आता हबचा मोठा नट. त्याला साधा गोटी पाना चालत नाही, खास हत्यार लागतं. इथली पार्टची दुकानं अशी हत्यारं डिपॉझिट ठेवून उसनी देतात, परत केलं की पैसे परत. सोय उत्तम. फक्त पेटीवर एका ट्रकचा नंबर आणि आत दुसऱ्याच ट्रकचं हत्यार. आधीच्या माणसाने काय परत केलं ते उघडून कोण बघतो? मी जाऊन पेटी बदलून आणली, ती तिसऱ्याच ट्रकची निघाली. या फेऱ्या चालू असताना सॉफ्टवेअरवाल्याने सभेला माहिती पुरवली, "इथून जवळच हायलंड पार्कला फोर्डने १९१३ मध्ये फिरती असेंब्ली लाइन टाकली. आधी एका चासीला साडेबारा तास लागायचे. लाइन जमल्यावर ९३ मिनिटं."

"अख्खी चासी?" बायकोने दारातून विचारलं.

"अख्खी."

ती काही बोलली नाही. रिकामे कप गोळा करून आत गेली. ज्या पद्धतीने गेली त्यात सगळं होतं.

हब निघाला, जुनी प्लेट निघाली, म्हणजे तिला धरून ओढल्यावर हातात आली ती आणि जमिनीवर पडली ती अशी दोन्ही मिळून निघाली. नवी प्लेट चढवली. काळी, गुळगुळीत, तेलाचा हात फिरवलेली. न कापता. कापणाऱ्या पक्षाने कडेला उभं राहून तटस्थता पाळली. आता लायनर बसवायचा, आणि त्याच्या स्प्रिंगा ताणून अडकवायच्या. पहिली अडकली. दुसरी चिमट्यातून सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि दिसेनाशी झाली.

"स्प्रिंग, खालची," नानांनी वहीत पेन टेकवलं. "गैरहजर."

यानंतर डेट्रॉइटच्या मोटारधंद्यातली कित्येक वर्षांची हुशारी हिरवळीवर गुडघ्यांवर आली. गंजतज्ज्ञाने उड्डाणाचा कोन काढला आणि सगळ्यांना कुंपणाकडे पाठवलं. सॉफ्टवेअरवाल्याने हिरवळीचे चौकोन पाडले. अध्यक्ष उभ्यानेच शोधत होते. समोरच्या आजीबाई बाहेर आल्या. इतके पुरुष पूर्वेकडे तोंड करून ओणवे बघून त्यांनी हात जोडले आणि हळूच दार लावून घेतलं. स्प्रिंग कुंपणापाशी नव्हती. हिरवळीवरही नव्हती. गोरे आजोबा कॉफीचा शेवटचा घोट घ्यायला खुर्चीच्या हातातल्या खाचेकडे वळले, तेव्हा ती कपात सापडली.

"जोरात मारलीस," आजोबा मला म्हणाले.

"हजर," नाना म्हणाले.

पुढचं सगळं पुस्तकात एका ओळीत आटोपलेलं असतं: काढलं त्याच्या उलट क्रमाने जोडा. लेखक इथे जेवायला जात असावा. बेअरिंगचा नट आधी आवळायचा आणि मग थोडा सैल करायचा असतो. थोडा म्हणजे किती, यावर सहा इंजिनियरांची आठ मतं पडली. त्या मिठाच्या खाणीत म्हणे यंत्रं अखंड उतरत नाहीत. वर सुटी करतात, तुकड्या-तुकड्यांनी खाली सोडतात आणि तळाशी पुन्हा जोडतात. अकराशे फूट खाली, अंधारात, मिठात, माणसं अख्खा ट्रक जोडतात. कारण उघड आहे. तिथे बघायला कोणी येत नाही.

आमचं जुळलं ते इडलीपात्रामुळे. नाना चिठ्ठी वाचून बोल्ट देत गेले, मी लावत गेलो. सगळे खळगे रिकामे झाले. एकही वायसर उरला नाही. घरी केलेल्या दुरुस्तीत काहीच उरू नये, याचा मंडळींना धक्का बसला. दोघांनी वाकून खात्री करून घेतली.

उजव्या बाजूचं सांगत बसत नाही. तेच सगळं, पुढच्या शनिवारी, फक्त माणसं नव्हती. कोणाच्या मुलाचा सॉकर होता, कोणाकडे पाहुणे होते. उपसमितीचा अहवाल यायचा होता. नाना, मी आणि गोरे आजोबा. जेवायच्या आत काम संपलं.

हत्यारांच्या पावत्या बायकोने फ्रिजला चुंबकाने लावल्या. गॅरेजवाल्याचं कार्ड मधोमध, भोवती पावत्या. बेरीज तिने केली नाही. करण्याची गरज नव्हती; मांडणीच बोलकी होती.

बॅकिंग प्लेट बदलण्यातलं खरं दुःख नंतर कळतं. नवा सोफा दिसतो, नवे टायर दिसतात. नवी प्लेट कोणाला दिसत नाही. मी आल्यागेल्याला ट्रकच्या मागे नेऊ लागलो, टॉर्च देऊ लागलो, वाका म्हणू लागलो. पुण्याहून आलेल्या एका मावसबहिणीला विमानतळावरून आणून आधी तिथेच नेलं. ती म्हणाली, "छान आहे रे, पण बाथरूम कुठे?" तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. हँडब्रेक वापरू लागलो. सपाट रस्त्यावर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, दारात, सिग्नलला सुद्धा. पेडल शेवटपर्यंत दाबलं की खालून जो घट्ट आवाज यायचा तो ऐकून मला शांत झोप लागायची.

गणपतीच्या शनिवारी चिटणीस सकाळीच किल्ली घेऊन गेला. ढोल त्याच्या गॅरेजात, हॉल दुसऱ्या टोकाला. दुपारी तो परत आला, पण ट्रक दिसायच्या आधी वास आला.

"तुझ्या इंजिनाचं बघ रे काहीतरी," चिटणीस उतरता उतरता म्हणाला. "ओढतच नाही. आय-२७५ वर म्हाताऱ्या बायका मला मागे टाकून गेल्या. मी आपलं सगळं पेट्रोल देतोय, देतोय, आणि हा हलायला तयार नाही."

मी डॅशबोर्डकडे पाहिलं. "लाल दिवा नव्हता लागला?"

"होता की. पण तुझ्या ट्रकात काही ना काही लागलेलंच असतं. तो पिवळा तर मी कधीपासून बघतोय."

मागच्या दोन्ही चाकांतून धुराची बारीक रेघ वर येत होती. नाना चष्मा लावून आले, डाव्या चाकाशी वाकले, उजव्या चाकाशी वाकले, नाक लावून वास घेतला. मग उभे राहून कंबर सरळ केली.

"प्लेटा दोन्ही हजर," ते म्हणाले. "लायनर दोन्ही गैरहजर. हँडब्रेक मात्र उत्तम लागतोय, जावईबापू."

मग ते चिटणिसाकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही."